राखण्याच्या कोपऱ्यातली माती

केशरनं पिशवीत माती भरली ती राखण्याच्या कोपऱ्यातली. हे तिनं नऊ वर्षं कुणाला सांगितलं नाही. त्यातली आठ वर्षं तर त्यात सांगण्यासारखं काही आहे असंही तिला वाटलं नव्हतं.

कारवारकडच्या गुंद गावाच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून रानात शिरलं की अर्ध्या तासावर आठ घरांची वाडी आहे. घरांच्या खाली भाताची खाचरं, खाचरांच्या खाली ओहोळ. प्रत्येक घराच्या शेतात उगवतीकडचा एक कोपरा राखण्याचा असतो. राखण्या म्हणजे शेताची राखण करणारा देव. मूर्ती नाही, एक उभा दगड. त्या कोपऱ्यात नांगर घालत नाहीत आणि बाजारातून आणलेलं काही टाकत नाहीत. घरची बाई कुदळीनं उकरते, रानातला पाला घालते आणि चार ओळी भात लावते. नवं खायचं ते आधी त्या चार ओळींचं. आणि शेताची माती कुठल्याही कारणानं हद्दीबाहेर द्यायची झाली तर ती तिथलीच द्यायची. परक्याच्या हाती गेलेल्या मातीवर कोण काय करील सांगता येत नाही. राखण्याच्या पायाजवळच्या मातीला मात्र कुणाचं काही लागत नाही. केशरला हे तिच्या सासूनं, पारूनं, लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितलं होतं. आमटीला कोकम किती घालायचं ते सांगितलं त्याच आवाजात.

माती तपासणीच्या पिशव्या घेऊन भाग्यलक्ष्मी आली तेव्हा ती पंचवीसेक वर्षांची होती. शेजारच्याच वाडीतली मुलगी, शेतकी खात्यात कंत्राटावर नुकतीच लागलेली. आठही घरांत तिनं एकेक कापडी पिशवी दिली आणि सगळीकडे तेच सांगितलं.

"शेतात सहा जागी वीतभर खणायचं. सहाही जागची माती एकत्र करायची. त्यातली अर्धा किलो पिशवीत भरायची. सांजेला मी न्यायला येते."

पुरुषमाणसं रोजावर गेली होती. केशर घरी एकटी. सहा जागी, हे तिनं नीट ऐकलं होतं. राखण्याच्या कोपऱ्यातच तिनं सहा जागी खणलं, माती सारखी केली, खडे वेचले आणि पिशवी भरून ओट्यावर ठेवली. सांगितलेलं सगळं तिनं केलं होतं.

केशर मूळची कुळगीकडची. अठराव्या वर्षी गुरुदासला दिली. ती आली तेव्हा या घरात सरकारी गोब्बर नव्हतं. गोब्बर म्हणजे खत. दुकानातून पोत्यात येतं ते सरकारी गोब्बर, मग दुकान कुणाचंही असो. तेव्हा थंडी सरली की बायका रानात जायच्या, पाला तोडून आणायच्या, गोठ्यात गुरांखाली अंथरायच्या, आणि कुजला की डोक्यावरून खाचरात नेऊन टाकायच्या. दिवसाला वीस खेपा. केशरच्या डोक्यावर मधोमध रुपयाएवढ्या जागेत केस गेले ते परत आले नाहीत. म्हणून डीएपीचं पहिलं पोतं घरात आलं तेव्हा गुरुदासपेक्षा तिला जास्त बरं वाटलं होतं. करडे, टणक दाणे. गुरुदास न्याहारीच्या आधी सगळ्या शेतात फेकून यायचा. पुढं गुरं कमी झाली, रानातून पाला आणणं कमी झालं, आणि वाडीतल्या एकाही बाईनं त्याबद्दल हळहळ केली नाही.

मातीची कार्डं आली ती कानडीत छापलेली. गुरुदास सातवी शिकलेला; त्यानं वाचून दाखवलं. स्फुरद कमी. डीएपीतून मिळतं ते; कार्डावर त्याला रंजक म्हटलं होतं. आठही घरांच्या कार्डांवर तेच, कमी. शेजारी किती पोती घालायची तो आकडा. गुरुदासनं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवाच्या फळीखाली खिळ्याला अडकवलं.

"डॉक्टरनं रगत तपासलं की आपण गोळ्या खातो का न्हाई?" तो शेजाऱ्यांना सांगायचा. "ह्ये तसंच हाय. अंदाजानं टाकायचे दिवस गेले."

पंधरा-वीस वर्षं तो अंदाजानंच टाकत आला होता. आता कार्डाप्रमाणं टाकायला लागला, आणि भुकेल्या मातीला म्हणून वर थोडं. पहिली दोन वर्षं भात चांगलं आलं. पाऊसही चांगला होता.

चौथ्या वर्षी लावणीनंतर तीन आठवड्यांनी पानांवर तांबूस ठिपके दिसले. न वापरलेल्या तव्यावर गंज येतो तसे. रोप खुजं राहिलं. गुरुदासनं खिळ्यावरचं कार्ड काढून पुन्हा वाचलं आणि अर्धं पोतं आणखी टाकलं. पुढच्या वर्षी ठिपके वाढले, त्यानं पोतं वाढवलं. बाकीची सात घरंही त्याच्याकडे बघून तेच करत होती. घरचं भात आधी वर्षभर पुरायचं. आता शिमग्याला कणगी रिकामी होते आणि रेशनचा तांदूळ सुरू होतो.

केशर कपडे धुवायची तो ओहोळही उन्हाळ्यात हिरवा पडायला लागला. कपड्यांना शेवाळाच्या तारा चिकटायच्या. तिचा मुलगा विनोद गणेशगुडीला पाहुण्यांना राफ्टिंगच्या बोटीतून नेतो. सुट्टीला आला की तो बनियन उन्हात धरून बघायचा.

"आये, ह्येच्यावर भात पेर. बाबानं टाकलेलं गोब्बर सगळं हितं आलंय."

"हसू नगंस. वाळत घाल."

राखण्याच्या कोपऱ्यातल्या चार ओळी हिरव्यागार होत्या. केशरनं ते पाहिलं. पण देवाची जागा हिरवी असायचीच. त्यात विचार काय करायचा?

गेल्या माघात खात्याचे नवे साहेब आले. धारवाडकडचे होते. मागे भाग्यलक्ष्मी, आता पस्तिशीला टेकलेली, दोन मुलांची आई, नोकरी अजून कंत्राटीच. साहेबांनी खाचरातलं एक बुडखं उपटलं, त्याची आखूड मुळं बोटांनी सारखी केली, मग ओट्यावर बसून कार्ड पाहिलं.

"त्या वेळी माती कुठून घेतली होती?" ते कानडीत म्हणाले. "बांधाजवळची, झाडाखालची, खत न घातलेल्या तुकड्यातली घेतली असेल तर हे कार्ड तुमच्या शेताचं नाही. त्या तुकड्याचं आहे."

गुरुदासनं मान वळवली. "हिनं भरल्ती. कुठली गो?"

केशर चहाचं ताट घेऊन दारात उभी होती. तिला सगळं तेव्हा कळलं, एकदम. कार्ड, पोती, ठिपके, रेशनचा तांदूळ. एका कपातला चहा बशीत सांडला होता; तो तिनं साहेबांना न देता भाग्यलक्ष्मीपुढं ठेवला.

"मधनं," ती म्हणाली.

परक्या माणसाला राखण्या समजावून द्यायचा म्हणजे फार बोलावं लागलं असतं, आणि चहा निवत होता. कारण एवढंच होतं. पुढं ती स्वतःलाही हेच सांगत राहिली, आणि ते खोटंही नव्हतं.

या वेळी साहेबांनी स्वतः पँट दुमडून आठही शेतांत खणलं. गुरुदासच्या शेतात ते खणत खणत उगवतीकडे गेले तेव्हा गुरुदासनं त्यांना थांबवलं.

"तिथं नगं सर. तिथं देव हाय."

"बरं," साहेब म्हणाले आणि वळले.

चैत्रात निकाल आला. स्फुरद खूप जास्त, लागतं त्याच्या चौपट. झिंक कमी. आठही घरांचं तेच. साहेबांनी गुरुदासच्या अंगणात सगळ्यांना बसवून सांगितलं.

"युरिया पाण्याबरोबर निघून जातो. हे स्फुरद जात नाही. तुमची लाल माती त्याला घट्ट धरून ठेवते. घातलेल्यातलं पीक थोडंसंच घेतं, बाकीचं मातीतच राहतं. पुढच्या वर्षी त्यावर आणखी. असं पंचवीस वर्षं साठलंय. फार साठलं की मुळाला झिंक मिळत नाही. ते ठिपके त्याचे आहेत."

"म्हंजे आमी भूक समजून चारत हुतो," कुणीतरी म्हणालं, "आनि तिला अजीर्न झालेलं."

"काढायचं कसं मग त्ये?" गुरुदासनं विचारलं.

"काढता येत नाही. घालायचं बंद करायचं. दरवर्षी पीक खाईल तेवढं कमी होईल."

"किती वर्सं?"

"दहा. बारा. सांगता येत नाही."

साहेब गेल्यावरही गुरुदास तिथंच बसून राहिला. त्याचा हिशोब सरळ होता. आपण कार्डाप्रमाणं घातलं. माती मधली दिली. मग कार्ड चुकलं कसं? पिशव्या बदलल्या. आणि पिशव्या नेल्या होत्या भाग्यलक्ष्मीनं. दोन दिवसांत त्यानं स्वतःच्या हातानं कानडीत अर्ज लिहिला, की या बाईच्या निष्काळजीपणामुळे आमच्या जमिनी गेल्या, हिला कामावरून काढावं. आठही घरांच्या सह्या झाल्या. येत्या सोमवारी साहेबांना मांडावर, म्हणजे वाडीच्या बैठकीच्या जागी, बोलवायचं आणि सगळ्यांसमोर अर्ज द्यायचा असं ठरलं.

गुरुवारी भाग्यलक्ष्मी ओहोळावर आली. केशर चादर धूत होती.

"मामी, तुमची पिशवी मीच शिवल्ती. नाव पेनानं न्हवतं घातलं, दोऱ्यानं घातल्तं. पानी लागलं तरी जाऊ नये म्हणून. आठही पिशव्या तशाच. बदलायच्या कशा?"

"व्हय," केशर म्हणाली.

"मामांना सांगा की तुमी. तुमचं ऐकतील."

"माजं?" केशरनं वर पाहिलं. "माजं त्येनी आमटीतल्या मिठाचंबी ऐकत न्हाईत."

भाग्यलक्ष्मीला हसू आलं, आणि लगेच डोळ्यांत पाणी. "जूनला कंत्राट नवं करतात. हा अर्ज लागला की माजं हुणार न्हाई. पोरं औंदा रामनगरच्या शाळेत घातली. ह्येंचं काम तर ठाऊक हाय तुमाला, हाय तर हाय."

"त्ये टोक धर," केशर म्हणाली.

दोघींनी दोन टोकांनी चादर पिळली. पाणी निघायचं थांबलं तरी केशर पिळतच होती. मग भाग्यलक्ष्मीनं आपलं टोक तिच्या हातात दिलं आणि ती वर चढून गेली.

शुक्रवार, शनिवार, रविवार. केशरनं आंबोशी वाळत घातली, जळण रचलं, शेळीचा पाय बघितला. रडू येईल म्हणून ती एकदा गोठ्यात जाऊन उभी राहिली. आलं नाही. बोललं नाही तर त्या पोरीचं काम जातं. बोललं तर नवऱ्याची नऊ वर्षं सगळ्या वाडीसमोर फुकट ठरतात आणि माघातलं खोटं उघडं पडतं. दोन्हीकडे तिनं पुन्हा पुन्हा बघितलं. कुठलंच तिला दुसऱ्यापेक्षा जड लागेना. रविवारी संध्याकाळी विनोदचा फोन आला. पावसाच्या आधी कौलं फिरवायची का, तो विचारत होता. तिनं फक्त कौलांचं सांगितलं.

सोमवारी मांडावर पुरुष कठड्यावर बसले, बायका मागं फणसाखाली. भाग्यलक्ष्मी साहेबांच्या जीपजवळ उभी होती, फाईल छातीशी धरून. गुरुदासनं अर्ज वाचला. चांगला वाचला. 'निष्काळजीपणा' हा शब्द दोनदा आला. वाडीचा बुदवंत, म्हणजे म्होरक्या, म्हातारा विठ्ठल मान हलवत होता.

केशर उठली नाही. बसल्या जागेवरूनच बोलली.

"पिशवी बदलल्याली न्हाई. माती मी राखण्याच्या कोपऱ्यातली दिल्ती."

घरात साखर संपली, एवढंच सांगावं तसं.

गुरुदासनं अर्ज खाली केला. "मधनं म्हनालीस."

"म्हनाले."

"साहेबासमोर म्हनालीस."

"व्हय."

कठड्यावर कुणी खोकलं. मग विठ्ठल ताठ झाला. "थांब रं गुरुदास. मग कुठली देनार हुती ती? मधली माती काढून जीपगाडीत घालायची? कोन कुठला कारवारचा न्हाईतर बेंगळूरचा, त्येच्या हातात? पारूनं सांगितल्यालं सुनंनं पाळलं. ह्यात तिची चूक काय?"

"चूक न्हाई म्हनत काका, पर शेत गेलं की!"

"शेत गेलं म्हून राखण्याला सोडायचं? मग पुढल्या खेपंला साहेबालाच उभा करा त्या कोपऱ्यात."

"उभा केला तर हिरवा तरी ऱ्हाईल," मागून एकजण म्हणाला, आणि सगळे हसले. गुरुदास सोडून.

साहेबांना काही कळलं नव्हतं. भाग्यलक्ष्मीनं कानडीत हळूहळू सांगितलं, राखण्या कोण, कोपरा कुठला, तिथं काय घालत नाहीत. साहेब ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "बाकीच्या सात घरांनी कुठली दिली होती?"

फणसाखाली शेजारच्या घरची पार्वती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "कोपऱ्यातलीच," ती शेवटी म्हणाली. "दुसरी कुठली देतात?"

"आमची बी."

"आमच्या म्हातारीनं भरल्ती. तिथलीच असनार."

साहेब कठड्यावर जागा बघून बसले. त्यांनी फाईल उघडली. "जुन्या कागदावर शेरा आहे," ते म्हणाले. "आठही नमुने एकसारखे आलेत, उत्तम, काळजीपूर्वक घेतलेले." त्यांनी फाईल मिटली.

आता काय करायचं ते त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं. डीएपी बंद. थोडं झिंक देऊ. आणि पूर्वीसारखा पाला, शेण. माती त्यानं सुटी होईल, मुळं धरतील.

"पाला आनायचा कुनी?" पार्वतीनं विचारलं.

साहेबांनी पुरुषांकडे पाहिलं. पुरुषांनी जीपकडे पाहिलं. केशरशेजारच्या बाईनं नकळत डोक्यावरचा पदर सारखा केला. बैठक उठली. गुरुदासनं अर्जाच्या चार घड्या करून शर्टाच्या खिशात घातल्या.

तो आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी भाकरी खाताना म्हणाला, "माघातच बोलली असतीस तर चार मान्सांत माजी शोभा झाली नसती."

"व्हय."

"का बोलली न्हाईस?"

"चहा निवत हुता," केशर म्हणाली.

मग त्यानं दुसरी भाकरी मागितली. तिनं वाढली.

मृगाच्या तोंडावर भाग्यलक्ष्मी पुन्हा आली. हातात टाईप केलेला कागद. ओट्यावर गुरुदास नांगराचा फाळ ठोकत होता. तिनं त्याला नमस्कार केला, तो ठोकत राहिला. ती स्वयंपाकघराच्या दारात टेकली.

"मामी, कंत्राटाचं वर पाठवायचं हाय. नमुने का चुकले त्येचा खुलासा पायजे, लिवून, शेतकऱ्याच्या सहीनिशी. त्याबिगर हुईत न्हाई."

"मग?"

"सात घरं फिरले. पुरुष म्हनतात आमच्या बायकांची नावं सरकारी कागदावर नगंत. पार्वतीमावशी म्हनाली, पैल्यांदा जी बोलली तिचीच घे." तिनं कागद उलगडला. "एक सही चालती, साहेब म्हनाले. पर एका घराच्या मातीनं आठ कार्डं कशी चुकली, ह्ये पन लिवावं लागतं ना. म्हून जरा..."

"वाच."

भाग्यलक्ष्मीनं वाचलं. मी, केशर कोम गुरुदास, असं लिहून देते की. कोम म्हणजे अमक्याची बायको. इथल्या कागदांत तसंच असतं. मातीचा नमुना मी अयोग्य जागेतून घेतला, आणि वाडीतील इतर सात घरांनीही माझ्या सांगण्यावरून अयोग्य जागेची माती भरली. यात खात्याच्या कर्मचाऱ्याचा दोष नाही.

ओट्यावरची ठोकणी थांबली होती.

"तुमी सांगितलं न्हाई कुनाला," भाग्यलक्ष्मी घाईनं म्हणाली. "मला ठाऊक हाय. ह्ये निसतं कागदापुरतं."

"राखण्याचं नाव हाय त्यात?"

"न्हाई. अयोग्य जागा, एवढंच."

केशरनं हात पदराला पुसले. चुलीवरचं भांडं खाली उतरवलं. कागद पाटावर ठेवून ती उकिडवी बसली आणि पेन हातात धरून जागा शोधायला लागली. सही कुठं करायची ते भाग्यलक्ष्मीनं बोटानं दाखवलं.

"तारीख बघून घाल," बाहेरून गुरुदास म्हणाला. एवढंच म्हणाला, आणि पुन्हा फाळ ठोकायला लागला.

केशरला कानडी सही यायची; विनोद शाळेत असताना त्याच्या पाटीवर शिकली होती. एकेक अक्षर करून तिनं ती पुरी केली. भाग्यलक्ष्मीनं शाईवर फुंकर घातली, कागद फाईलमध्ये सरकवला, फाईल पिशवीत, पिशवी प्लॅस्टिकात. आभाळ भरलं होतं.

"जेवून जा," केशर म्हणाली.

"न्हाई मामी, पाचच्या आत ऑफिसात द्यायचा हाय."

केशरनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. भांडं पुन्हा चुलीवर चढवून तिनं जाळ पुढं सारला.